मेंढरांमागं हिंडायचे मोजे

मुंजाबाला त्या दुकानात एकच शब्द बोलायचा होता. शालूनं, त्याच्या धाकट्या लेकीनं, तो सकाळीच बजावून सांगितला होता. निघताना बायकोनं, सुगंधाबाईनं, पुन्हा एकदा पढवला होता. फुलंब्रीहून शहरात येताना टेम्पोत मेंढ्यांशेजारी बसून त्यानं तो स्वतःशी घोळवलाही होता. 'पळायचे.' मोजे पाहिजेत, पळायचे. एवढं म्हटलं की दुकानदार बरोबर काढून देतो, असं शालूचं म्हणणं होतं.

मोज्यातलं मुंजाबाला काही कळत नव्हतं आणि कळतं असा त्याचा दावाही नव्हता. उभ्या जन्मात त्याच्या पायात मोजा गेला नव्हता. टायरच्या वहाणा आणि त्यावर बाभळीच्या सालीसारख्या झालेल्या टाचा, यांवर त्यानं सगळा मुलूख तुडवला होता. मोजे ही बूटवाल्या माणसांची हौस, एवढीच त्याची समजूत होती.

शालूची गोष्ट वेगळी होती. ती पोलीस भरतीची तयारी करत होती. वर्षभर रोज उजाडायच्या आत उठून, सोनिया नावाच्या मैत्रिणीला हाक मारून, वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत आणि पुढे कुठवर कोण जाणे, पळत होती. बूट सुगंधाबाईनं कापूस वेचून घेऊन दिले होते. मोजे मात्र टाचेला विरले होते, शिवून शिवून त्यांची गोधडी झाली होती. मुंजाबानं लेकीला कधी पळ म्हटलं नव्हतं आणि पळू नकोही म्हटलं नव्हतं. ती निघाली की तो मेंढरांच्या जाळीची गाठ नीट बसलीय का ते बघायचा. ती परतली की पुन्हा तीच गाठ बघायचा. आता गुरुवारी तो छावणीच्या जनावरांच्या बाजाराला जाणारच होता, म्हणून हे काम त्याच्या गळ्यात पडलं होतं.

मेंढे विकून तो गुलमंडीवर आला. बनियन, रुमाल आणि मोजे विकणारं मुजीबभाईचं दुकान त्याला एकानं दाखवून दिलं. मुजीबभाईनं कामातून मान वर न करता विचारलं, "बोलो मामू, क्या होना?"

"मोजे."

"कायके वास्ते होना? कंपनी के बूट में डालने के अलग आते, आफिस के अलग. शुगर है क्या तुमको? शुगरवालों को बगैर रबर का देना पडता, नहीं तो पाँव पे वळ आता."

मुंजाबानं तोंड उघडलं. शब्द जिभेवर होताच. तेवढ्यात मागून कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"काय दाजी, आज इकडं कुठं वाट चुकलात?"

खंडेराव होता. सुगंधाबाईचा चुलतभाऊ, सिल्लोडकडचा. समाजात शब्दाला वजन असलेला, लग्नात पंगतीच्या आधी ज्याला हात धरून बसवायला नेतात असा माणूस. आणि मुंजाबाला आठवलं ते असंच एक लग्न. तिथं गप्पांच्या फडात कुणाची तरी पोरगी भरतीसाठी पळते असा विषय निघाला होता. तेव्हा खंडेराव म्हणाला होता, "पोरगी रस्त्यानं पळतीय आन बाप मेंढरं राखतोय. कुणी कुणाला राखायचं तेच कळंना झालंय." सगळा मांडव हसला होता. मुंजाबाही हसला होता, आणि आपल्या घरचं कुणाला कळू नये म्हणून जरा जास्तच मोठ्यानं हसला होता.

"मामू, बोलो ना. किसके वास्ते?" मुजीबभाईनं पुन्हा विचारलं.

खंडेराव शेजारी उभा राहून, उत्तर आपल्यालाच हवं असल्यासारखा, मुंजाबाच्या तोंडाकडे बघत होता.

"मेंढरांमागं हिंडायला," मुंजाबा म्हणाला. "थंडीत पाय फुटत्यात."

झालं. बोलून गेला. मुजीबभाईनं वरच्या फळीवरून तपकिरी रंगाचे जाड मोजे काढले. वर दोन पांढरे पट्टे, आतून मेंढीच्या पोटासारखे मऊ. "बर्फ में चलो इसमें, कुछ नहीं होता," तो म्हणाला. खंडेरावानं मोज्यात हात घालून बघितला आणि त्याला ते इतके पसंत पडले की त्यानंही एक जोड घेतला. "आपलंबी वय झालंय दाजी. पायाला जपाया पायजे."

खंडेराव एकदाचा गेला की मागं वळून मोजे बदलून घेऊ, असा मुंजाबाचा बेत होता. पण खंडेराव असा सोडणारा नव्हता. त्यानं चहा पाजला, खुशाली विचारली, सुगंधाला भेटून लई दिवस झाले म्हणून हळहळला. सिल्लोडची गाडी फुलंब्रीवरूनच जाते, तेव्हा एकाच गाडीनं जाऊ असंही त्यानंच ठरवलं. सगळ्या वाटेत मुंजाबाच्या मांडीवर ती पिशवी होती. पिशवीत हात घालून त्यानं दोन-तीनदा मोजे चाचपले. दर वेळी ते आधीपेक्षा जाडच लागले.

पुढच्या गुरुवारी बदलून आणू, असं ठरवून तो घरी पोचला. पण सुगंधाबाईनं दारातच पिशवी घेतली. शालूच्या पळण्यासाठी नवऱ्यानं आपल्या हातानं काहीतरी आणलं, या आनंदात तिनं ते मोजे नीट उलगडूनही बघितले नाहीत. देवघरात खंडोबाच्या टाकापुढे ठेवले, हात जोडले, आणि मूठभर भंडारा त्यांच्यावर उधळला. तपकिरी मोज्यांवर पिवळी हळद बसली. पांढऱ्या पट्ट्यांवर तर अशी मुरली की धुऊनही जाणार नव्हती. असा माल परत घेणारा दुकानदार अजून जन्माला यायचा आहे.

"आता हे भरतीच्या दिवशीच घालायचे," सुगंधाबाई म्हणाली. "तवर देवापाशी राहू द्या." नवी वस्तू आधी देवाची, मग माणसाची, आणि माणसाची तीही मोठ्या दिवशी, हे त्या घरात आजवर कुणी मोडलं नव्हतं.

शालू मेंढरांसाठी घास घेऊन आली. भारा टाकून ती तशीच देवघराच्या उंबऱ्यापाशी आली आणि आत डोकावली. आत अंधार होता. तिला फक्त मोज्यांची घडी आणि त्यावरचा भंडारा दिसला असेल.

"आणले आबा?"

"आणले."

"पळायचे म्हणालात ना?"

"व्हय," मुंजाबा म्हणाला.

शालू हसली. त्या दिवशी तिनं त्याच्या पायावर तांब्याभर कोमट पाणी स्वतः घातलं. एरवी तो आपलं आपण घेत असे. पाणी टाचांच्या भेगांतून ओघळत होतं आणि मुंजाबाला पाय मागे ओढून घ्यावेसे वाटत होते. दुकानात बोलला ते एका माणसाच्या धाकानं बोलला, असं तरी म्हणता आलं असतं. पण हा 'व्हय' त्यानं कुणाच्या धाकानं म्हटला होता?

पुढच्या गुरुवारी तो मुजीबभाईच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला, आत गेला नाही. दुसरा जोड न्यायचा तर घरी सांगावं लागणार, पहिल्याला काय झालं? मग सगळंच सांगावं लागणार. शेवटी त्यानं आपली समजूत काढली, की मोज्यानं असं काय होतंय, आपण काय मोजे घालून जन्म काढला का? ही समजूत त्याला लई पटली. वस्तीवर पोचेपर्यंत पटलेली राहिली, शालू समोर दिसली आणि गेली.

भरतीच्या दिवशी सुगंधाबाईनं देवापुढचे मोजे उचलून लेकीच्या हातात दिले. शालूनं ते हातात घेतले तेव्हा मुंजाबा दाराबाहेर वहाणांचा पट्टा सारखा करत होता. तो सारखाच होता. शालूनं मोजे पिशवीत टाकले, मैदानावरच घालते म्हणाली, आणि ते तिघं, शालू, सोनिया आणि मुंजाबा, निघाले. लेकीसोबत जायला मुंजाबा आपणहून तयार झाला, याचं सुगंधाबाईला केवढं कौतुक वाटलं होतं. तो का तयार झाला हे तिला माहीत नव्हतं. मोजे घालायच्या आधी लेकीला सांगून टाकावं असं त्यानं ठरवलं होतं. फुलंब्रीपासून मैदानाच्या फाटकापर्यंत तो ठरवतच राहिला. मग पोरी आत गेल्या आणि आईबापांना तारेच्या कुंपणाबाहेर थांबवलं.

कुंपणाबाहेर बरेच बाप होते. कुणी डबा धरला होता, कुणी लेकीचा स्वेटर. एकजण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगत होता, माझी पोरगी कशी दम राखून पळते, शेवटच्या वळणावर कशी जोर मारते. कुणी त्याला हसत नव्हतं. मुंजाबा त्याच्याकडे बघत राहिला.

शालूचा गट सुटला. मैदानाला दोन फेऱ्या होत्या. पहिल्या फेरीत ती पुढच्या तिघींत होती, आणि मुंजाबाचा जीव जरा भांड्यात पडला. बघ, मोज्यानं काही होत नाही. मग दुसऱ्या फेरीच्या वळणावर तिचा डावा पाय किंचित उचलून पडला. कुंपणाबाहेरच्या दुसऱ्या कुणाला ते दिसलंही नसेल. पण खुरात काटा गेलेली मेंढी शंभरात ओळखणारा माणूस होता तो. कुठं दुखतंय, किती दुखतंय आणि अजून किती पावलं ती दुखणं लपवेल, हे सगळं त्याला तिथूनच कळलं. एक पोरगी तिच्या पुढे गेली, मग दुसरी, मग मागचा घोळकाच पुढे गेला. त्यानं कुंपणाची तार इतकी घट्ट धरली होती की शेजारचा बाप म्हणाला, "हात कापंल मामा."

ती बाहेर आली ती बूट हातात घेऊन. जाड मोज्यावर बूट चढेना म्हणून तिनं नाड्या सैल केल्या होत्या. मग पळताना टाच आत-बाहेर होऊ लागली, मोजा घसरून तळव्याखाली गोळा झाला आणि टाचेचं कातडं निघून आलं. हे त्याला सोनियानं सांगितलं. शालूनं वेगळंच सांगितलं.

"माझंच चुकलं, आबा. पयल्याच फेरीत सगळा दम घालवला."

मोजा टाचेला रक्तानं चिकटला होता. तो तिनं हळूहळू सोडवला आणि दोन्ही मोजे गुंडाळून पिशवीत ठेवले. आत्ता बोल, मुंजाबा स्वतःला म्हणाला. आणि मोठ्यानं म्हणाला, "च्या पितीस का?"

निकालात तिचं नाव नव्हतं, सोनियाचंही नव्हतं. मग घरात अपराध वाटून घ्यायची अशी चढाओढ लागली की ऐकणाऱ्याला रडू यावं. सुगंधाबाई म्हणायची, माझंच चुकलं, आदल्या दिवशी पोरीला कापूस वेचायला नेलं, पाय मोडून आले असतील. सोनिया येऊन सांगून गेली, मीच तिला सुरुवातीला पुढे राहा म्हटलं. शालू म्हणायची, माझ्याच पायात दम नाही. प्रत्येकीनं आपापला वाटा घेतला, आणि ज्याचा सगळाच होता तो भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून मूग गिळून बसला होता. त्याचं ते गप्प बसणंही लेक नापास झाल्याचं दुःख म्हणून खपून गेलं, आणि सुगंधाबाई त्यालाच धीर देत राहिली.

शालूचं पळणं थांबलं. बूट धुऊन, कागदात बांधून, आढ्याला टांगले गेले. ती उजाडायच्या आत उठायची ती सवयीनं. अंथरुणावर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि दिशा उजळल्या की चूल पेटवायची. पलीकडून सोनियाची पावलं पळत जायची ती घरातल्या तिघांनाही ऐकू यायची. एकदा सुगंधाबाईनं विचारलं, पुढल्या भरतीचं काय? शालू म्हणाली, "ऱ्हाऊ दे माय. आता तुमाला काय बघायचं ते बघा." बघायचं म्हणजे काय, हे सांगायला नको होतं. तिच्या थोरल्या दोघी बहिणींची लग्नं तिच्या वयाच्या आधीच झाली होती.

चंपाषष्ठीला खंडेराव बायकोला घेऊन आला. घरात भंडारा उधळून तळी उचलली गेली, भरीत-भाकरीचा नैवेद्य झाला. जेवणं व्हायच्या आधी अंगणात उन्हाला बसून खंडेरावानं विषय काढला. शिवराज, त्याचा मुलगा, वाळूजच्या कंपनीत लागला होता. बजाजनगरात खोली घेतली होती. पोरगं निर्व्यसनी होतं.

"मामाच्या घरचा हक्क हाय म्हणून इचारतो, दाजी. भरतीचं कळलं मला. झालं ते झालं. तेवढी तिची हौस फिटली आसंल तर आपण पुढचं बोलू."

शालू आतून भाकरीची परात घेऊन येत होती. तिनं ऐकलं, पण मान खालीच ठेवली. सुगंधाबाई नवऱ्याकडे बघू लागली. आता सगळं मुंजाबाच्या एका 'व्हय'वर येऊन थांबलं होतं. त्यानं मान हलवली असती तरी पुरलं असतं, आणि आढ्याला टांगलेले बूट तिथंच राहिले असते.

खंडेराव सुखावून उन्हात पाय पसरून बसला. वहाणा काढल्या. पायात तपकिरी मोजे होते, वर दोन पांढरे पट्टे.

"ह्ये बघा," तो म्हणाला, "तुमच्या संगं घेतलेले. लई झाक निघाले. रानात जाताना पायाला वारं लागत नाय. तुमचे कुठंयत? मेंढरांमागं हिंडायला म्हणून घेतले न् घालत कसं नाय?"

शालू परात घेऊन होती तिथंच थांबली. तिनं मामाच्या पायांकडे बघितलं. मग बापाकडे. तिच्या तोंडावर राग आला असता तर मुंजाबाला सोसला असता. राग नव्हता. मेळ न बसणारा हिशोब कुणी पुन्हा पहिल्यापासून मांडून बघावा, तशी ती त्याच्याकडे बघत होती.

अजूनही निसटता आलं असतं. माझे उंदरानं कुरतडले, असं म्हणता आलं असतं, आणि खंडेरावानं ते मानलंही असतं. मुंजाबानं डोक्याचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं.

"त्ये मोजे माझ्यासाठी घेतलेच नव्हते, पाव्हणं. पोरीसाठी घेतले होते. पळायला." तो म्हणाला. "तुमी मागं उबे होते. लग्नात तुमी बोलले होते त्ये डोक्यात होतं. मला लाज वाटली. माझी पोरगी पळती म्हणायची लाज वाटली. म्हणून मेंढरांचं नाव सांगितलं. त्येच मोजे घालून ती पळाली. टाच सोलली तिची. दम न् फम काय कमी नव्हता तिच्यात."

सुगंधाबाईनं पदर तोंडाला लावला. खंडेरावानं पसरलेले पाय जवळ घेतले आणि वहाणांत घातले, जणू ते मोजे आता झाकायलाच हवेत.

"म्या हसलो आसतो, दाजी," तो म्हणाला. "फार फार तर हसलो आसतो. माझ्या हसण्यानं पोरीच्या पायाला फोड आला नसता." मग मान हलवून म्हणाला, "आन माझी पुतणीबी करतीय तयारी. म्या काय तिला हसतो व्हय?"

हे ऐकून मुंजाबाला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. ज्या भीतीपोटी त्यानं लेकीचं वर्ष घालवलं, ती भीती एवढीशीच होती. मांडवातलं हसणं कधीच विरून गेलं होतं, ते एकटा मुंजाबा छातीशी धरून बसला होता.

"पुढली भरती होस्तोवर तिचं लग्नाचं नाव काढायचं नाय," तो म्हणाला. "शिवराजला सांगा."

"सांगतो. थांबला तर थांबला. नाय तर तो त्याचं बघंल." खंडेराव उठला. "भाकरी निवाया लागली. वाढ गं बाई शालू."

शालूनं सगळ्यांना वाढलं. बापाच्या ताटातही वाढलं. पण त्या दिवसापासून तिचं त्याच्याशी बोलणं आटलं. आबा, पाणी. आबा, जेवा. एवढंच. तिनं भांडावं म्हणून मुंजाबा मुद्दाम तिच्या वाटेत जायचा, आणि ती बाजूनं निघून जायची.

गुरुवार आला. विकायला मेंढा नव्हता तरी तो शहरात गेला. मुजीबभाईच्या दुकानात गर्दी होती. बायका होत्या, कंपनीतली पोरं होती, एक मास्तर वाटणारा गृहस्थ होता. मुंजाबा गर्दीतून पुढे सरकला आणि मुजीबभाईनं काही विचारायच्या आतच गरजेपेक्षा मोठ्यानं बोलला.

"मोजे पायजेत. माझी पोरगी पळती. पोलीस भरतीला. तिच्यासाठी."

कुणी वळून बघितलं नाही. मास्तर रुमालांच्या किमती करत राहिला.

"दौड़ने के?" मुजीबभाईनं खालच्या खणातून पातळ, अंगठ्याला आणि टाचेला तेवढे भरीव विणलेले मोजे काढले. "पसीना पीता ये, फिसलता नहीं. नंबर क्या है बच्ची के पाँव का?"

पाणवठ्याच्या चिखलात शंभर पावलं उमटलेली असली तरी त्यातलं शालूचं कोणतं ते मुंजाबानं बोट ठेवून दाखवलं असतं. नंबर त्याला माहीत नव्हता. त्यानं आपला पंजा गल्ल्यावर पालथा ठेवला आणि मनगटाच्या पुढे खूण करून दाखवली. "हितपत्तोर."

"चलेगा," मुजीबभाई म्हणाला. "ताणते ये. मगर मामू, एक बात. सीधा उसी दिन मत पहनाओ. रोज पहनके दौड़ने देव. पाँव को आदत होना."

घरी आल्यावर त्यानं पिशवी सुगंधाबाईच्या हातात दिली नाही. तिचा हात पुढे आला होता, देवघराकडे पाऊलही वळलं होतं. तो म्हणाला, "देवाला हात जोड. मोजे तिच्याकडं जाऊ दे." आणि गोठ्याशी कडबा टाकत असलेल्या शालूपुढे त्यानं पुडकं धरलं.

"आजपासूनच घालायचे म्हणला दुकानदार. धू आन घाल."

तिनं हात पुसले आणि मोजे काढून बोटांत ताणून बघितले. टाचेच्या जाड विणीवरून अंगठा फिरवला.

"पळायचे म्हणलात?" तिनं विचारलं.

"म्हणलो. समद्यांसमोर."

ती मोजे पुन्हा घडी करू लागली. मुंजाबाला राहवेना. इतके दिवस आतल्या आत कुरतडणारं एक होतं, ते त्यानं विचारलं.

"त्ये जाड हायत हे तुला घालतानाच कळलं आसंल. मग घातले कामून? जुने घालायचे होते."

"जुने पिशवीत होतेच," शालू म्हणाली. "सोनिया म्हणलीबी, हे नको घालू, हे थंडीचे हायत, जुनेच घाल." ती घडी करतच होती. "म्या म्हणलं, माझ्या बापानं आणलेत. वर्षभरात पयल्यांदा माझ्या पळण्यासाठी कायतरी आणलं त्यांनी. ते पिशवीत ठिवून कसं पळू?"

मुंजाबा मेंढीच्या पाठीवर हात ठेवून तिथंच उभा राहिला.

शालू आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात ते तपकिरी मोजे होते. तिनं ते धुतले होते. पांढऱ्या पट्ट्यांवर भंडाऱ्याचा पिवळा डाग होता आणि डाव्या टाचेवर एक गडद डाग, तोही धुऊन गेला नव्हता. तिनं ते त्याच्या हातात दिले. टोमणा नव्हता तिच्या आवाजात. असता तर बरं झालं असतं.

"थंडी वाढलीय, आबा. हे तुमी घाला. ठिवून काय करायचे?"

दुसऱ्या दिवशी उजाडताना शालूनं आढ्याचे बूट काढले. सोनियाची हाक आली आणि दोघी पळत गेल्या. त्या गेल्यावर मुंजाबा ओट्यावर बसला आणि जन्मात पहिल्यांदा त्यानं मोजे घातले. डावा मोजा चढवताना टाचेवरचा डाग बरोबर त्याच्या टाचेवर आला. मेंढरं सोडून तो रानात शिरला. गवतावर दहिवर पडलं होतं, वारा बोचरा होता, पण पायांना काही लागत नव्हतं. कुठं ओरबाडत नव्हतं, कुठं घसरत नव्हतं, टाचांच्या भेगा पहिल्यांदाच दुखायच्या थांबल्या होत्या. मुजीबभाईनं त्याला अजिबात फसवलं नव्हतं. मुंजाबानं त्याला सांगितलेल्या कामासाठी याहून चांगले मोजे मिळाले नसते.